घरगुती आमरी-जोपासना : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरासाठी काही सूचना

खेड व मावळ तालुक्यांतील गावभेटींच्या वेळी कांद्यावरील करपा किंवा बटाट्याचे बियाणे यांसंबंधीच्या नेहमीच्या प्रश्नांबरोबर अलीकडे एक निराळाच प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. घरातील कोणी कारखान्यात कामाला असतो. त्याला एखाद्या समारंभात जांभळ्या किंवा पांढऱ्या फुलांची एक देखणी कुंडी भेट मिळते. दोन-अडीच महिने फुले टिकतात, सारे घर कौतुक करते, मग फुले गळतात, पाने मऊ पडून पिवळी होतात आणि घरातील माउली ती कुंडी आमच्यापुढे आणून ठेवते व विचारते, "साहेब, हे जगंल का?" बहुतेक वेळा या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते, कारण तोपर्यंत त्या झाडाचे मूळ कुजून गेलेले असते. झाड मरते ते दुर्लक्षाने नव्हे, तर अति काळजीने, हे ऐकून ऐकणाऱ्यास आश्चर्य वाटते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना या प्रश्नाचे नीट उत्तर देता यावे, म्हणून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

या झाडास इंग्रजीत ऑर्किड व मराठीत आमरी म्हणतात. जगात आमरींच्या सुमारे २८,००० जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या यादीत आपल्या देशातील १,२५६ जातींची नोंद असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक जाती झाडांच्या खोडांवर व फांद्यांवर राहणाऱ्या आहेत. ही गोष्ट प्रथम पक्की ध्यानी घ्यावी, कारण पुढील सर्व जोपासना तीवरच अवलंबून आहे.

झाडावर वाढते म्हणून आमरीस पुष्कळ शेतकरी बांडगूळ समजतात व आंब्यावर दिसताच कोयत्याने खरवडून काढतात. हा समज चुकीचा आहे. बांडगूळ आपली शोषक मुळे आंब्याच्या फांदीत घुसवून तिच्यातील अन्नरस घेते व फांदी वाळविते. आमरी तसे काहीही करीत नाही. ती सालीला केवळ धरून बसते. पावसाचे पाणी, हवेतील ओलावा आणि सालीच्या खाचांत साचलेली धूळ व पालापाचोळा यांवर तिचा निर्वाह चालतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : बांडगुळाची फांदी आंब्याच्या फांदीतूनच फुटल्यासारखी दिसते, आमरीची मुळे मात्र दोरीप्रमाणे सालीवरून बाहेरच्या बाहेर पसरलेली असतात व नखाने हळूच उचलली असता सुटतात. बांडगूळ अवश्य काढावे, आमरी राहू द्यावी.

या मुळांकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. कोरडी असताना ती रुपेरी पांढरी दिसतात. पाणी शिंपडताच काही क्षणांत हिरवट होतात. मुळाभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे जाड आवरण असते. ते पाणी झटकन शोषून घेते आणि नंतर हळूहळू आतील जिवंत मुळास पुरविते. निसर्गात या मुळास पाऊस लागतो, मग वारा लागतो, मग पुन्हा पाऊस. भिजणे आणि सुकणे या दोन्ही गोष्टींची त्यास सारखीच गरज आहे. ते चिकट काळ्या मातीत पुरले, की वारा बंद होतो आणि मूळ गुदमरून कुजते. चाकणच्या भागात भेटीची कुंडी घरी येताच 'याला माती फार थोडी दिली आहे' असे म्हणून शेतातील उत्तम पोयटा व शेणखत भरण्याचा प्रघात पडला आहे. कांद्याला जे मानवते ते आमरीस मारक ठरते.

या परिसराचा वनस्पतिशास्त्राशी जुना संबंध आहे, हे येथे सांगितल्यास अस्थानी होऊ नये. आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असलेल्या दापोडी येथे १८२८ साली, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असताना, सरकारी वनस्पती-उद्यान सुरू झाले. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्याचे अधीक्षक होते. त्यांनी येथील वनस्पतींची चित्रे स्थानिक चित्रकाराकडून काढवून घेतली. ती आज एडिंबरो येथील वनस्पती-उद्यानाच्या संग्रहात आहेत. पुढे १८६१ मध्ये डाल्झेल व गिब्सन यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा अभ्यास केला आणि १९६६ साली कपाडिया यांच्यासह मुंबई प्रदेशातील आमरींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणजे ज्या डोंगरांकडे आपण रोज पाहतो, त्यांवरील आमरी अभ्यासकांना दीर्घकाळ परिचित आहेत. अपरिचित आहेत त्या आपणांस.

आपल्या घाटमाथ्यावर आमरींच्या अनेक जाती आढळतात. आषाढाच्या सुमारास लोणावळा-खंडाळ्याच्या माळांवर जमिनीलगत एक-दोन रुंद पाने व वर पांढऱ्या फुलांचा तुरा असलेली लहान वनस्पती उगवते. तीस आषाढ आमरी म्हणतात. ही जमिनीत वाढणारी जात होय. झाडांवर वाढणाऱ्यांत 'सीतेची वेणी' सर्वांच्या परिचयाची आहे. मात्र एका गावी हे नाव एका जातीस, तर दुसऱ्या गावी दुसऱ्या जातीस लावलेले आढळते. वळवाच्या पावसाच्या सुमारास झाडावरून फुलांचे लांब घोस खाली लोंबतात, म्हणून हे नाव पडले असावे. यांपैकी एका जातीची फुले आसामातील मुली बिहूच्या नृत्यात केसांत माळतात व ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. पाने गळून पडलेल्या कांड्यांवर हिवाळ्याच्या अखेरीस पांढरी फुले धरणारी डेंड्रोबियमची एक जातही सह्याद्रीत आहे. कोरड्या भागातही तग धरणारी व्हँडाची एक जात मात्र पूर्वेकडील गावांच्या आंब्यांवरसुद्धा सापडते. तिच्या पिवळसर-तपकिरी फुलांवर जाळीदार रेघा असतात.

घरी लावण्यासाठी मात्र यांपैकी एकही झाड रानातून आणू नये. त्याची कारणे पुढे दिली आहेत. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने तयार केलेली संकरित रोपे आता रोपवाटिकांत सहज मिळतात, तीच घ्यावीत. त्यांतील तीन प्रकार आपल्याकडे विशेष दिसतात.

पहिला डेंड्रोबियम. उसाच्या बारीक कांड्यांसारखी याची खोडे असतात व टोकाकडून फुलांचे दांडे येतात. नवशिक्याने याच्यापासून आरंभ करावा. हा सोशिक आहे, यास ऊन बऱ्यापैकी चालते आणि झालेली चूक हा एकदा तरी पोटात घालतो. दुसरा फॅलेनॉप्सिस. भेटीदाखल मिळणारी कुंडी बहुधा याचीच असते. पाने रुंद व जाड, खोड जवळजवळ नाहीच, आणि फुले फुलपाखरासारखी. यास सावली हवी व थंडी सोसत नाही. तिसरा व्हँडा. याची जाड मुळे हवेत लोंबत असतात. पुष्कळदा रिकाम्या टोपलीत टांगूनच वाढवितात. आपल्या कोरड्या हवेत त्यास उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते, म्हणून ज्या घरी दुपारी कोणी नसते त्यांनी याच्या वाटेस जाऊ नये.

आता आपल्या हवेचा विचार करू. आमरी ही दमट हवेची वनस्पती. आपला परिसर मात्र वर्षातून चार महिनेच दमट असतो. लोणावळ्यास पावसाळ्यात ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून फार दूर नसलेल्या पिंपरीस त्याचा लहानसा अंश मिळतो. चाकणकडे तो आणखी कमी होतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की धुतलेला कपडा तासाभरात वाळतो. आणि पौषात रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते. म्हणून कोकणातील किंवा केरळातील बागाईतदाराचा सल्ला आहे तसा येथे उचलून चालत नाही. मुंबईस दिवसाआड पाणी पुरत असेल, तर येथे वैशाखात ते रोज लागेल. आणि तेथे बारमाही उघड्यावर राहणारे झाड येथे दोन महिने घरात घ्यावे लागेल.

प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या पहिल्या वर्षी सहा डेंड्रोबियम गच्चीवर पश्चिमेच्या कठड्याशी मांडून ठेवले होते. पुस्तकात 'भरपूर प्रकाश' लिहिले होते, ते अक्षरशः मानले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तीन झाडांची पाने भाजून कागदासारखी झाली. उरलेल्या तिघांस घाबरून दिवसातून तीनदा पाणी घातले. त्यांतील दोन मृगाच्या आधीच कुजली. सहावे झाड जगले, ते केवळ पाण्याच्या टाकीच्या आडोशास विसरून राहिले म्हणून. आजही ते फुलते. कृषी पदवी हाती असूनही हे शिक्षण सहा कुंड्यांच्या किमतीत घ्यावे लागले.

यावरून जागेची निवड कशी करावी ते समजेल. पूर्वेकडील सज्जा किंवा ओसरी सर्वोत्तम. सकाळचे कोवळे ऊन आठ-नऊ वाजेपर्यंत मिळावे व नंतर सावली असावी. पश्चिमेची बाजू असल्यास फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात छायाजाळी बांधावी : डेंड्रोबियमसाठी ५० टक्के सावलीची, फॅलेनॉप्सिससाठी ७५ टक्क्यांची. प्रकाश पुरेसा आहे की नाही, हे झाडाची पानेच सांगतात. पाने गर्द काळपट हिरवी असतील तर प्रकाश कमी पडतो आहे. असे झाड धष्टपुष्ट दिसते, पण फुलत नाही. पिवळी-तांबूस होऊ लागली तर ऊन जास्त होते आहे. कोवळ्या गवतासारखा फिकट हिरवा रंग योग्य समजावा. वातानुकूलित खोलीत किंवा दूरचित्रवाणी संचाशेजारी शोभेसाठी झाड कायम ठेवू नये. फुले असतील तेवढे दिवस ते तेथे ठेवावे व नंतर बाहेर न्यावे.

कुंडी मातीचीच घ्यावी. १२ ते १५ सेंटिमीटर व्यासाची पुरे. तळाला एकच भोक असते, तेवढ्याने भागत नाही. कुंभाराकडून बाजूंनाही भोके पाडून घ्यावीत. भरण्यासाठी लोणारी कोळशाचे, भाजक्या विटांचे आणि नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे समभाग घ्यावेत. सोडणाचे तुकडे तीन-चार दिवस पाण्यात भिजवून व रोज पाणी बदलून वापरावे, म्हणजे त्यांतील तांबडा रस व क्षार निघून जातात. मावळच्या पावसाळी बाजूस सोडण कमी करून कोळसा वाढवावा. चाकण-राजगुरुनगरकडे सोडण थोडे अधिक घ्यावे, कारण तेच ओलावा धरते. हे मिश्रण दोन वर्षांत कुजून बारीक होते व मग पाणी धरून ठेवते. तेव्हा ते बदलावे. झाड मोठे झाले म्हणून मोठी कुंडी हा नियम येथे लागू नाही. आमरी तंग कुंडीत सुखी असते.

विकत आणलेल्या फॅलेनॉप्सिसच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत मुळांभोवती शेवाळ घट्ट दाबून बसविलेले असते व कधीकधी अगदी मधोमध स्पंजाचा बोळाही असतो. रोपवाटिकेच्या नियंत्रित हवेत ते ठीक असते. घरी ते आठ-आठ दिवस ओले राहते व आतून कूज सुरू होते. फुले संपताच झाड बाहेर काढावे, सर्व शेवाळ व बोळा हलक्या हाताने सोडवावा, काळी पोकळ मुळे कापून टाकावीत व टणक मुळे राखून वरील मिश्रणात बसवावे. मुळे पाहून कीव येऊ देऊ नये. दोनच टणक मुळे उरली तरी झाड सावरते, पण कुजके मूळ ठेवले तर तीही जातात.

पाणी केव्हा द्यावे, या प्रश्नास तारीख-वार देऊन उत्तर देता येत नाही. मूळ पाहावे. ते पांढरे दिसले तर पाणी द्यावे. हिरवे असेल तर थांबावे. साधारणपणे डेंड्रोबियमला उन्हाळ्यात रोज सकाळी, हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा आणि पावसाळ्यात उघडीप पडल्यासच पाणी लागते. फॅलेनॉप्सिसला याच्या निम्मे पुरते. पाणी द्यावयाचे ते भोकांतून वाहून जाईपर्यंत भरपूर द्यावे. घोट-घोट देऊ नये व कुंडीखालील बशीत साचू देऊ नये. संध्याकाळी पानांवर पाणी मारणे टाळावे. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या कोंबात पाणी साचून रात्र गेली तर सकाळी कोंब हाती येतो. तसे पाणी साचल्यास कापडाच्या बोळ्याने टिपून घ्यावे.

पाण्याची जातही महत्त्वाची. आपल्याकडील विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असते. भांड्यास जशी पांढरी खापली धरते, तशीच ती मुळांवर धरते व मूळ पाणी घेईनासे होते. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. पन्हळीखाली एक पिंप ठेवून पहिल्या दोन-तीन पावसांनंतरचे पाणी साठविले, तर दहा-बारा कुंड्यांना पुष्कळ दिवस पुरते. पिंपावर झाकण व त्याखाली डास न शिरतील असे फडके अवश्य बांधावे. नळाचे पाणी वापरावयाचे झाल्यास रात्रभर उघड्या बादलीत ठेवावे.

हवा दमट राखण्यासाठी झाडावर वरचेवर पाणी मारण्यापेक्षा झाडाखालची जमीन ओली करावी. पसरट परातीत खडी घालून तीत पाणी ठेवावे व खडीवर कुंड्या अशा मांडाव्यात की तळ पाण्यास टेकणार नाही. कुंड्या जवळजवळ ठेवल्याने एकमेकींना ओलावा मिळतो. भर उन्हाळ्यात पश्चिमेस ओले गोणपाट टांगल्यास फार उपयोग होतो. यातील शास्त्र असे, की यांतील बहुतेक आमरी पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटून घेतात व रात्री उघडतात. म्हणून रात्रीची हवा ओलसर असणे त्यांस मानवते. सूर्यास्ताच्या सुमारास फरशीवर पाणी शिंपडण्याचे कारण हेच.

चाकणच्या रस्त्यालगतच्या घरांतून पानांवर धुळीचा थर बसतो. तो पंधरा दिवसांतून एकदा ओल्या मऊ फडक्याने पुसून काढावा. तेल किंवा दूध लावून पाने चकाकविण्याची काही घरांतील रीत सोडून द्यावी.

खत थोडे पण नियमित द्यावे. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ हे खत लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा पुरेसे आहे. हिवाळ्यात महिन्यातून एकदा द्यावे किंवा बंदच ठेवावे. खत नेहमी ओल्या मुळांस द्यावे व महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी धुवून काढावी. शेणाची निवळी दहापट पाण्यात मिसळून काही शेतकरी वापरतात व तिचा परिणामही दिसतो. पण ती गाळून घेतली नाही तर तुकड्यांमधील पोकळी बुजते, शिवाय सदनिकेच्या सज्ज्यात वासाची तक्रार येते ती निराळीच. चहाचा चोथा मात्र कुंडीत टाकू नये.

थंडीविषयी सांगावयाचे तर, फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा येण्यासाठी काही आठवडे रात्री गारवा लागतो. आपल्याकडे तो आश्विन-कार्तिकात आपोआप मिळतो. म्हणून दसऱ्यानंतर ते झाड लगेच घरात घेण्याची घाई करू नये. दांडा दिसू लागला व रात्री १५ अंशांखाली जाऊ लागल्या, की आत घ्यावे. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा वारंवार बदलू नये. कळ्या उमलण्यापूर्वीच पिवळ्या पडून गळण्याचे आणखी एक कारण आमच्या पाहण्यात आले : त्याच खोलीत आंब्याची अढी घातलेली होती. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो व त्याने आमरीची फुले व कळ्या गळतात. केळ्यांच्या घडाबाबतही तेच समजावे.

डेंड्रोबियमची जुनी कांडी पाने गळून बोडकी झाली म्हणजे ती मेली असे समजून कापली जाते. ही चूक फार घरी होते. बोडकी पण टणक हिरवी कांडी हे झाडाचे कोठार होय. नव्या फुटव्यास ती अन्न पुरविते व कित्येकदा स्वतःही फुलते. पिवळी पडून सुरकुतलेली व हलकी झालेलीच कांडी काढावी. अशा कांड्यांवर कधीकधी मुळांसह लहान पिल्ले फुटतात. त्यांची मुळे बोटाच्या दोन पेरांएवढी झाल्यावर पिल्लू अलगद काढून वेगळे लावता येते. मोठ्या गड्ड्याची विभागणी करावयाची असल्यास प्रत्येक भागात निदान तीन कांड्या राहाव्यात, आणि हे काम मृगाच्या सरी सुरू झाल्यावर करावे. तेव्हा हवा दमट असते व नवी मुळे लवकर धरतात.

किडींपैकी खवले कीड व पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत दडतात. थोडी असतील तर साबणाच्या पाण्यात भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढावीत. अधिक असल्यास लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल थोड्या साबणासह फवारावे, तेही संध्याकाळी उशिरा व चांगला वारा असताना, म्हणजे पाने रात्रभर ओली राहणार नाहीत. उन्हाळ्यात पानांच्या खालच्या अंगास लाल कोळी लागतो. पाने रुपेरी दिसू लागली की तो आला असे समजावे व खालच्या बाजूने पाण्याची जोरदार धार मारावी. पावसाळ्यात शेंबी व गोगलगाई एका रात्रीत मुळांची कोवळी टोके खातात. दिवा घेऊन रात्री वेचून काढणे हाच खात्रीचा उपाय आहे. काळी कूज दिसताच रोगट भाग निरोगी भागाच्या थोड्या आतपर्यंत कापावा, कापलेल्या जागी दालचिनीची बारीक पूड लावावी (मुळांस लावू नये, ती वाळतात) व चार दिवस पाणी तोडावे. ताम्रयुक्त बुरशीनाशके द्राक्षबागेत आपल्या परिचयाची आहेत. डेंड्रोबियमवर ती अपायकारक ठरू शकतात, म्हणून वापरू नयेत. कात्री प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर तापवून घ्यावी. आमरींचे काही विषाणुरोग कात्रीच्या पात्यानेच एका झाडावरून दुसऱ्यावर जातात व त्यांस औषध नाही.

गावातील घरांना कुंडीची गरजही नाही. परड्यातील आंबा, चिंच किंवा जुना चाफा असेल तर डेंड्रोबियमचे रोप जूनच्या आरंभी खोडाच्या पूर्व किंवा उत्तर अंगास, डोक्याच्या उंचीवर, सुती पट्टीने बांधावे; मुळांखाली काथ्याची पातळ गादी द्यावी. दसऱ्यापर्यंत मुळे साल धरतात व पट्टी सोडता येते. पेरू, निलगिरी यांसारख्या साल टाकणाऱ्या झाडांवर बांधू नये. साल गळते तशी आमरीही खाली येते. पहिल्या उन्हाळ्यात त्यास रोज पाणी शिंपडावे लागेल. पुढे ते बव्हंशी स्वतःचे पाहते. आमच्या मते खेड्यातील शेतकऱ्यास ही पद्धत सर्वांत स्वस्त व निर्धोक आहे.

आता रानातील आमरींविषयी. एका आठवडे बाजारात पावसाळ्याच्या तोंडी एक वृद्ध गृहस्थ सीतेच्या वेणीच्या जुड्या विकावयास बसलेले आम्ही पाहिले. मुळे ओरबाडलेली, काही झाडांवर फुलांचे घोस तसेच. एका जुडीची किंमत चहा-भज्यांएवढी होती. पिंपरीकडील लोक मोटारी थांबवून त्या घेत होते. त्या गृहस्थांस दोष देण्याने काही साधणार नाही. त्या दिवसाची त्यांची मिळकत तेवढीच होती. परंतु त्या जुड्यांपैकी एक तरी झाड पुढील उन्हाळा पाहील का, हा प्रश्न आहे. घाटमाथ्याच्या धुक्यात वाढलेले झाड, आधाराची मुळे तुटलेली असताना, सिमेंटच्या सज्ज्यात जगत नाही.

आणि गेलेल्या झाडाची जागा दुसरे सहजासहजी घेत नाही. आमरीच्या एका बोंडात लाखो बिया असतात, पण त्या धुळीएवढ्या. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी जशी शिदोरी असते तशी त्यांत काहीच नसते. योग्य बुरशी भेटली व तिने अन्न पुरविले तरच बी रुजते. ही गोष्ट नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उघडकीस आणली. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखरयुक्त खळीवर काचेच्या भांड्यात बी रुजवून दाखविले, आणि १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून असंख्य रोपे करण्याची वाट मोकळी केली. आज बाजारातील कुंडी आपल्या ऐपतीत आली आहे ती या दोन शोधांमुळे. रानात मात्र अजून तोच जुना योगायोग लागतो. रुजलेल्या बियेस फुलावर यावयास कित्येक वर्षे जातात.

कायद्याची बाजूही कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांस समजावून द्यावी. राखीव वनातून परवानगीवाचून वनोपज काढणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. खेड व आंबेगाव तालुक्यांत पसरलेल्या भीमाशंकर अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असून तेथून कोणतीही वनस्पती उपटून आणता येत नाही.

तथापि एक प्रसंग असा आहे की जेथे हात न लावणे हाच अपराध ठरावा. या पट्ट्यात रस्ते रुंद होत आहेत, कारखान्यांसाठी जमिनी जात आहेत व त्यांबरोबर जुने वड व आंबे पडत आहेत. पडलेल्या फांद्या वखारीकडे जातात आणि त्यांवरील व्हँडा वा सीतेची वेणी भट्टीत जळते. असे झाड पाडले जाणार असे कळताच, शहराच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरणाकडे व अन्यत्र वनविभागाकडे किंवा जमीनमालकाकडे रीतसर परवानगी मागावी. परवानगी मिळाल्यास आमरी सालीच्या तुकड्यासह काढावी, ओल्या गोणपाटात गुंडाळावी व त्याच दिवशी गावातील शाळेच्या, देवळाच्या किंवा पाणवठ्याजवळील आंब्यावर त्याच दिशेस बांधावी. साल तशीच ठेवण्याचे कारण, मुळांची पकड सुटत नाही व त्यांच्याभोवतीची बुरशीही बरोबर येते. उन्हाळ्यात हे काम झाले तर झाडे वाचविणे कठीण जाते. शक्य असल्यास ती फांदीच तोडून सावलीत आडवी ठेवावी, तीवर पाणी शिंपडीत राहावे व पाऊस सुरू झाल्यावर आमरी हलवावी.

यापासून उत्पन्न मिळेल काय, असे तरुण शेतकरी विचारतात. पवन मावळातील हरितगृहांत फुलणारे गुलाब त्यांनी पाहिलेले असतात. आमरीचा एक दांडा गुलाबाहून महाग विकतो, हेही त्यांस ठाऊक असते. आमचे मत स्पष्ट आहे. कापलेल्या फुलांसाठी आमरीची मोठी लागवड चाकणच्या कोरड्या भागात कर्ज काढून करू नये. मार्च ते मे दमट हवा राखण्यासाठी फवाऱ्यांना लागणारे पाणी व वीज यांचा खर्च कोकणातील किंवा गोव्यातील बागाईतदारास पडत नाही, आणि थायलंडहून येणाऱ्या फुलांशी गाठ आहे ती निराळीच. लहान रोपास फुलावर यावयास दीड ते अडीच वर्षे लागतात. तोवर हप्ता थांबत नाही. त्याऐवजी पन्नास-शंभर रोपे आणून, साध्या छायाजाळीखाली दीड-दोन वर्षे वाढवून, फुलावर आलेली कुंडी जवळच्या वसाहतींत थेट विकणे हा मार्ग घरच्या माणसांच्या, विशेषतः महिला बचत गटांच्या, आवाक्यातला आहे. येथील हवेस सरावलेले झाड गिऱ्हाइकाच्या घरी टिकते व तेच गिऱ्हाईक पुन्हा येते. ज्यांना त्यापुढे जावयाचे असेल त्यांनी प्रथम तळेगाव दाभाडे येथील राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत हरितगृहाचे प्रशिक्षण घ्यावे व नंतरच लाकूड-लोखंडाचा हिशेब मांडावा. आमरींचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९६ पासून सिक्कीममधील पाक्योंग येथे आहे. तेथील शिफारशी अभ्यासण्याजोग्या आहेत, परंतु हिमालयाच्या गार हवेतल्या सिंबिडियम जाती येथे फुलत नाहीत, हे विसरू नये.

रोपे खरेदी करताना झाड हलक्या हाताने हलवून पाहावे. ते कुंडीत डुलत असेल तर मुळे धरलेली नाहीत. फुलांची संख्या पाहून घेण्यापेक्षा मुळांची टोके पाहावीत; ती हिरवी किंवा तांबूस व ओलसर चकाकणारी असतील तर झाड वाढीत आहे. खरेदी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी आणि नवी कुंडी पहिले तीन आठवडे जुन्या कुंड्यांपासून दूर ठेवावी.